जुन्या यंत्राला नवा दुभाषी



गेल्या रविवारी घाटकोपरच्या आमच्या वस्तीतील एक ताई मुलीला घेऊन आमच्या घरी आल्या. मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. पिशवीत जुना लॅपटॉप. ताई चार घरची कामे करतात. दोन वर्षांपूर्वी पै-पै साठवून त्यांनी तो सेकंडहँड घेतला होता. आता पडद्यावर सूचना येऊ लागली की, पुढचे विंडोज या यंत्रावर चढणार नाही. दुकानदार म्हणाला, "भंगारात काढा, नवा घ्या, हप्ते बांधून देतो."

ताईंनी आम्हाला विचारले, "दादा, मशीन तर चालू आहे. मग मेली कशी?"

हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. म्हणून या आठवड्यात त्यावरच लिहीत आहोत.

विंडोज १० ला सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या पुरवण्याचे काम मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. घरगुती ग्राहकांसाठी नाव नोंदवून मिळणारी वाढीव मुदत जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याआधीची यंत्रे यादीत बसत नाहीत. म्हणजे यंत्र मेलेले नाही, यादीतून वगळले गेले आहे. पण दुरुस्ती बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराआड झोपणे, हेही ध्यानात ठेवा.

दुसरा मार्ग लिनक्सचा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची सुरुवात केली. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी ते वाढविले. ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. अडचण येते ती ड्रायव्हरची.

ड्रायव्हर म्हणजे काय? कोर्टात साक्षीदार मराठी बोलतो, वकिलाला मराठी येत नाही, तेव्हा मध्ये दुभाषी लागतो. संगणकातही वाय-फाय, आवाज, प्रिंटर या प्रत्येकाची बोली निराळी. ती मुख्य प्रणालीला समजावून देणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोजचा दुभाषी लिनक्सच्या कामाचा नाही. इतकेच नव्हे, तर ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवरही चालत नाही.

आम्ही वस्तीतल्या एका मुलाला बोलावले. त्याने आयटीआयला संगणकाचा 'कोपा' ट्रेड केला आहे. त्याने प्रथम मुलीच्या सगळ्या नोट्स वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरून 'लिनक्स मिंट' नुसते चालवून पाहिले. असे केल्याने आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. पडदा आला, आवाज आला, कीबोर्ड चालला. वाय-फाय मात्र दिसेना. मुलीचा चेहरा उतरला.

तो म्हणाला, "मावशी, घाबरू नका. वरचं नाव बघायचं नाही, आतला नंबर बघायचा."

हे वाक्य आम्ही लिहून ठेवले. लॅपटॉपवर नाव एका कंपनीचे असते, आतली चिप भलत्याच कंपनीची. प्रत्येक चिपला बनविणाऱ्याचा नंबर असतो. ८०८६ दिसले तर इंटेल. विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जाऊन त्या भागाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स'खाली 'हार्डवेअर आयडी' पाहिला की तो नंबर सापडतो. त्याने नंबर पाहून लिनक्ससाठी ड्रायव्हर आहे याची खात्री केली आणि मगच लिनक्स बसविले. नंतर मोबाइल वायरीने जोडून त्यावरून इंटरनेट घेतले, मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून ड्रायव्हर चढविला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. वाय-फाय लागले! ताईंचा खर्च झाला तो चहाचा, तोही त्यांनी हट्टाने केला.

एके काळी हे इतके सोपे नव्हते. वाय-फाय चिपांच्या कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर देत नसत. तेव्हा २००३ च्या सुमारास 'एनडीआयएसरॅपर' नावाची युक्ती निघाली. तिने विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये वापरता येई. आज तिची गरज क्वचितच पडते. मुळात ही चळवळच एका प्रिंटरवरून पेटली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेतल्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकत असे. त्याचा प्रोग्राम सुधारण्यासाठी त्यांनी मूळ मजकूर मागितला. तो नाकारला गेला. ती सल त्यांच्या मनात राहिली आणि १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचे 'ग्नू' हे काम जाहीर केले. कोणी ज्ञान कुलपात ठेवले तर दुसरे कोणी ते सर्वांसाठी लिहून काढते, हा त्यातला धडा.

आता सत्य तेही सांगितले पाहिजे. अभ्यासिकेतला जुना प्रिंटर या लॅपटॉपवर चालला नाही. त्याचा दुभाषी आम्हाला मिळाला नाही. मुलगी आता पीडीएफ घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाते. काही परीक्षांचे आणि हिशेबाचे प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतात. तुमच्या मुलांना ते लागत असतील तर आधी चौकशी करा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' अशा जाहिरातींना भुलू नका. त्यांच्या आडून व्हायरस शिरतो. ड्रायव्हर कंपनीकडून किंवा प्रणालीच्या आतूनच घ्यावा.

शिकण्याची सोय आपल्या दाराशी आहे. पवईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे धडे फुकट उपलब्ध केले आहेत, त्यांत मराठीही आहेत. मराठी टायपिंगही लिनक्सवर होते.

ताई निघताना मुलीला म्हणाल्या, "पुढच्या वेळी तू बघून घे, दुसऱ्याला नको बोलवू." आमचेही हेच सांगणे आहे. हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून पाहा. आणि तो लावायला घरातल्या मुलीला पुढे बसवा.