रेचकाच्या आधी पाण्याचा प्रश्न

सिरसाळा (ता. परळी) : दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावे ऊसतोडीसाठी रिकामी होऊ लागतात. या मजूर महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ महिलांवर, म्हणजे सहा जणींमागे एकीवर, ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. शस्त्रक्रियेची गरज होती का, यावर चर्चा झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासाकडे मात्र दुर्लक्ष झाले. बद्धकोष्ठता हा त्यांपैकीच एक.

भूल, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके, लोहाच्या गोळ्या आणि अंथरुणावर पडून राहणे यांमुळे आतडे मंदावते. त्यात कुंथावे लागले की ओटीपोटावर व टाक्यांवर ताण येतो.

उपाय अनेक असले तरी ते सारखे नाहीत. घरोघरी परिचित असलेला इसबगोल पाणी शोषून फुगतो. पुरेसे पाणी न पिता घेतल्यास त्रास वाढू शकतो. लॅक्टुलोज व पॉलिइथिलीन ग्लायकॉल आतड्यात पाणी धरून मल मऊ करतात. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात आणि पोटात वायूही धरतो. सोनामुखी किंवा बिसाकोडिल आतड्याला चालना देतात. रात्री घेतल्यास सहसा सकाळी परिणाम दिसतो. पोटात कळ मात्र येऊ शकते. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सोनामुखीयुक्त औषध घेणाऱ्या महिलांना शौचास सुमारे एक दिवस आधी झाली. मिल्क ऑफ मॅग्नेशिया मूत्रपिंडाच्या रुग्णांनी टाळावे. पोट फुगणे, उलट्या, वायूही न सरणे ही लक्षणे असल्यास कोणतेही रेचक न घेता तातडीने डॉक्टरांकडे जावे.

शहरातील रुग्णाला यांतून निवड करणे सोपे आहे. फडावरच्या स्त्रीसमोरचा पेच वेगळा. कोपीजवळ शौचालय नसल्याने ती पाणीच कमी पिते. तिच्या हाती इसबगोल देणे म्हणजे उपायाचाच अपाय करणे होय. खाडा झाला तर उचलीचे पैसे फिटत नाहीत, म्हणून जखम भरण्याआधीच तिच्या डोक्यावर उसाची मोळी चढते.

म्हणूनच चिठ्ठीवर रेचकाचे नाव लिहिण्यापूर्वी डॉक्टरांनी रुग्णाला पाणी व शौचालयाविषयी विचारायला हवे. आणि फडावर शौचालय व शस्त्रक्रियेनंतर भरपगारी विश्रांती देण्याची जबाबदारी कारखान्यांनी व शासनाने स्वीकारायला हवी. ती सोय नसेल, तर कोणतेही औषध अपुरेच ठरेल.