अम्मीची लाल कुंडी



गेल्या डिसेंबरात माझी धाकटी बहीण पुण्याहून तीर्थपुरीला आली, ती मांडीवर एक कुंडी घेऊनच. अम्मी शेवटची काही वर्षं तिच्याकडे होती. अम्मीला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तिच्या बाल्कनीतलं पॉइन्सेटियाचं हे झाड. "आपा, ईदपर्यंत तरी टिकव," बहीण म्हणाली. ईद मार्चच्या शेवटी होती.

मी त्याला जानेवारीतच जवळजवळ मारलं. कुंडीला बांधलेला चमकी कागद छान दिसतो म्हणून काढला नाही. रोज पाणी घातलं, ते कागदात साचलं, मुळं गुदमरली. खालची पानं पिवळी होऊन गळाली. त्यात कुंडी उघड्या खिडकीत, आणि आपल्याकडची जानेवारीची रात्र! हे झाड मूळचं मेक्सिकोचं, कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही. ईदला नुसत्या काड्या उरल्या.

सासूबाई म्हणाल्या, "फेकून दे." पण नखाने साल खरवडली तर आत हिरवं होतं. एप्रिलमध्ये वीतभर ठेवून छाटलं. छाटताना पांढरा चीक येतो. एरंड आणि शेर याच्याच कुळातले. हा चीक कातडीला खाजतो, डोळ्यांत जाऊ देऊ नका. लोक म्हणतात तसं हे झाड जीवघेणं विषारी नाही, पण पान चावलं तर लेकराचं पोट बिघडू शकतं. कुंडी उंचावर ठेवा.

जूनमध्ये माती बदलली. आपली नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळलं. आता मातीत बोट घालून पाहते, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. ऑगस्टमध्ये शेंडे खुडले, फांद्या वाढल्या.

खरी गंमत पुढे आहे. ती लाल पाकळी नव्हे, पानच! फुलं म्हणजे मधले बारीक पिवळे दाणे. रात्र मोठी आणि सलग अंधारी मिळाली, तरच पानं लाल होतात. अंगणात हे आपोआप होतं. घरात कसं होणार? आमची लेक दहावीला, तिची ट्यूबलाइट अकरापर्यंत. तिचा अभ्यास थांबवायचा की झाड हिरवंच राहू द्यायचं? (पूर्वीचं लोडशेडिंग असतं तर प्रश्नच नव्हता.) शेवटी ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी पाचला कुंडी कोठीच्या खोलीत आणि सकाळी सातला पूर्वेच्या खिडकीत, अशी सव्वादोन महिने ने-आण केली. एकदा लग्नाला गेलो, तेव्हा शेजारच्या खालांनी सांभाळलं. मध्येच कोणी कोठीतला दिवा लावला की मी ओरडायचे. घरात सगळे हसायचे.

डिसेंबर लागता लागता वरच्या पानांच्या शिरा तांबूस झाल्या. आता सात पानं पूर्ण लाल आहेत. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, झाड मात्र सूर्याच्या हिशेबाने चालतं. यंदाही ईद तशीच अलीकडे आहे. नीट राखलं तर रंग तोवर टिकतो, इन्शाअल्लाह.

बहिणीला फोटो पाठवला. तिने लगेच फोन केला, पण बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "छाटशील तेव्हा एक काडी मला ठेव."