दिसायला सारखी ‘बटणं’ : विषारी कोणतं, हे विचारूच नका

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात खारं पाणी म्हटलं की लोणार आठवतं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण हल्ली आर.ओ.चं पाणी आणि तयार मिठाची पिशवी असली की दिवाणखान्यातही समुद्र उभा करता येतो. हौसेला माझी ना नाही. माझी हरकत आहे ती त्या टाकीतल्या एका जीवाबद्दलच्या फाजील आत्मविश्वासाला.

दगडाला चिकटलेले, शर्टाच्या बटणाएवढे, फुलासारखे उमलणारे हे जीव ‘कोरल’ म्हणून विकले जातात. शास्त्रीय नाव झोअँथिड. (खरं दगडी प्रवाळ वेगळं. ते वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या वाटेला जाऊच नका.) यात दोन भावंडं मुख्य : झोअँथस आणि पॅलिथोआ. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं.

मग लगेच प्रश्न येतो, ‘डॉक्टर, फोटो पाठवतो, आमचं कोणतं ते सांगा.’ मी सांगत नाही, आणि दुकानदाराने सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. पॅलिथोआ अंगात वाळूचे कण धरून ठेवतं, त्याचं बटण बहुधा मोठं असतं, हे खरं. पण रंग टाकीतल्या दिव्यांप्रमाणे बदलतो आणि दिसायला सारख्या दोन गुच्छांत विषाचं प्रमाण कमालीचं वेगळं असू शकतं. हवाई बेटांवर हाना गावाजवळ लोक ज्याला पिढ्यानपिढ्या ‘मारक शेवाळ’ म्हणत, ते शेवाळ नव्हतंच, पॅलिथोआ होतं. त्यातूनच हे विष वेगळं केल्याचं १९७१ साली जाहीर झालं. आपल्याकडेही डुरक्या घोणस समजून लोक खऱ्या घोणशीला हात घालतातच की!

हे विष करतं काय? आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा एक पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला धरून ठेवतं आणि दार सताड उघडं राहतं. स्नायू आणि हृदय, दोघांनाही त्याचा फटका बसतो.

बहुतेक वेळा घात होतो तो साफसफाईत. नको असलेली बटणं काढायला लोक दगडावर उकळतं पाणी ओततात, ब्रशने घासतात. उकळून हे विष मरत नाही, उलट वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर श्वासात जातं. अलास्कातल्या अँकरेज शहरात २०१२ ते २०१४ दरम्यान अशा संशयित विषबाधेचे दहा रुग्ण नोंदले गेले. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टीव्हन्टन गावात एका घरी टाकी साफ करताना अख्खं कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला गेलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

म्हणून माझं मत साधं आहे : प्रत्येक बटण विषारीच समजा. हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. दगड पाण्याबाहेर घासू नका, उकळू तर मुळीच नका. स्वयंपाकघरातली भांडी, बादल्या या कामाला वापरू नका. लहान मुलांना लांब ठेवा.

आणि टाकीत काम केल्यावर काही तासांत थंडी-ताप, खोकला, धाप, तोंडात धातूची चव, अंग मोडून येणं असं झालं, तर सगळ्यांनी मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. तिथे टाकीचा उल्लेख तुम्हालाच करावा लागेल. कारण आपल्या भागात ही लक्षणं पाहून कोणताही डॉक्टर आधी फ्लू, मलेरिया, डेंग्यूच धरणार, आणि त्यात त्याचं काही चूक नाही. या विषाला उतारा नाही. ऑक्सिजन, ई.सी.जी., पोटॅशियम आणि स्नायूंच्या रक्ततपासण्या, निरीक्षण, असेच उपचार असतात. म्हणून ही माहिती जितकी लवकर मिळेल तितकं बरं. डोळ्यात तुषार गेला असेल तर आधी किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू नका, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. बुबुळाला इजा होऊ शकते. येताना टाकीचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. दगड मात्र पिशवीत घालून आणू नका.