केबल घेताय? मग माणसं मोजा!

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. वर्षभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून वैतागलेली आमची मित्रमंडळी नव्या कोऱ्या थारला पुढे विंच बसवून घेतात आणि मग विचारतात, ‘‘बॉस, केबल कुठली टाकू? स्टील की सिंथेटिक?’’ मी उलट विचारतो, ‘‘गाडी रुतल्यावर आजूबाजूला किती माणसं उभी असतील?’’

हसू नका. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये वाळवंटात दोघंच जण असतात. आपल्याकडे मुळशी असो की मावळ, चाक चिखलात गरागरा फिरायला लागलं की दहा मिनिटांत अख्खी वाडी जमते. शाळेतून परतणारी पोरं, सल्ले देणारे काका, मोबाईल काढून शूटिंग करणारे आपलेच दोस्त. आणि सगळे नेमके ताणलेल्या केबलला खेटून!

स्टीलची केबल ताणाखाली तुटली की चाबकासारखी उलटते. वाटेत कोण आहे हे ती बघत नाही. सिंथेटिक दोरी, म्हणजे डायनीमा वगैरे नावांनी मिळणारं अतिशय घट्ट विणलेलं पॉलिथिलीन, तुटली तर बहुतेक वेळा जमिनीवर पडते, कारण तिला वजनच नसतं. ८ मिलिमीटर जाडीची ३० मीटर स्टील केबल साधारण साडेसात किलो भरते, तेवढीच सिंथेटिक दोरी जेमतेम सव्वा किलो. ती पाण्यावर तरंगते आणि तिच्या तारा सुटून हाताला टोचत नाहीत. म्हणून वीकेंडला हौसेनं जाणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं: सिंथेटिक. महाग आहे, मान्य. रोज खडीवरून ओढाओढ करणाऱ्या क्रेनवाल्याला स्टीलच परवडते, पण त्याचं काम वेगळं.

मात्र सिंथेटिक घेतली म्हणजे सुटलो, असं नाही. टोकाचा हूक किंवा शॅकल निसटला तर तो गोळीसारखाच येतो. तेव्हा दोरी कुठलीही असो, मधोमध एखादं जाड जॅकेट किंवा ओलं पोतं टाका, आणि लोकांना दोरीच्या लांबीइतकं तरी लांब उभं करा. काका ऐकत नसतील तर विंच बंद. सरळ बंद. ते बाजूला झाल्यावर पुन्हा चालू.

आता दुकानात काय बघायचं? आधी विंच. सामानासकट गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारी हवी. भरलेली थार सव्वादोन टनांच्या आसपास धरली तर साडेतीन टन पुरतात, म्हणजे बाजारात सर्रास मिळणारी ९,५०० पौंडांची विंच, साधारण ४,३०० किलोंची, भरपूर झाली. पण हा आकडा ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराचा असतो. दोरी ड्रमवर जितकी जास्त गुंडाळलेली, तितकी ताकद कमी. म्हणून शक्यतो लांबचं झाड धरा, नाहीतर पुली लावा. पुलीनं ताकद जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो. झाडाला दोरी थेट गुंडाळायची नाही, रुंद पट्टा वापरायचा. झाडाची साल सोलून आपली गाडी काढण्यात कसला आलाय पराक्रम?

दोरीची तुटण्याची मर्यादा विंचच्या रेटिंगपेक्षा जास्त असल्याचं लेखी घ्या. नुसतं ‘सिंथेटिक आहे साहेब’ यावर विश्वास ठेवू नका. नायलॉनही सिंथेटिकच, पण ते रबरासारखं ताणतं आणि विंचवर नको तेवढी शक्ती साठवून ठेवतं.

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते फेअरलीडकडे, म्हणजे दोरी जिच्यातून बाहेर येते त्या तोंडाकडे. स्टीलनं ओरखडे पाडलेले जुने रोलर तसेच ठेवून त्यांतून नवी दोरी काढणं म्हणजे ती करवतीवर घासणं. गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉझ बसवा. सह्याद्रीतल्या काळ्या खडकाच्या धारेवरही ती कापली जाते, तिथे दोरीवर चढवायची जाड बाही वापरा.

आणि उष्णता. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो. उतारावर गाडी विंचनं हळूहळू खाली सोडताना तो तापतो, ड्रम तापतो आणि आतले वेढे अशक्त होतात. ही दोरी दीडशे अंशांच्या आसपास वितळते, पण तिची ताकद त्याच्या खूप आधी घटते. मध्ये थांबा, गार होऊ द्या. ड्रमवर किमान आठ-दहा वेढे कायम ठेवा.

घरी आल्यावर दोरी पूर्ण उलगडून साध्या पाण्यात धुवायची, कारण चिखलातली रेती आतून धागे कापत राहते. मग सावलीत वाळवायची. आमच्या सोसायटीचा वॉचमन ती पार्किंगमध्ये पसरलेली बघून दर पावसाळ्यात विचारतो, ‘‘साहेब, कुरडया कधी घालणार?’’