रबर गेलं तर घ्या, दात गेले तर नको

जुना वॉकमन विकणारे एक वाक्य हमखास सांगतात, ‘काही नाही, फक्त पट्टा बदलावा लागेल.’ चंद्रपुरात गोल बाजाराच्या बाजूला, दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात मीही तेच ऐकलं. सेल घातले, बटण दाबलं. आतली मोटर गुणगुणत होती, पण कॅसेटची चाकं जागची हलेनात. मी तो वॉकमन घेतला, तो त्या गुणगुणण्याच्या भरवशावर.

मोटर फिरते आणि चाकं फिरत नाहीत, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. दोहोंच्या मधला रबरी पट्टा सैल झालेला, तुटलेला नाहीतर वितळलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखाली असे कितीतरी उन्हाळे काढलेलं रबर टिकणार कसं? मागचं झाकण उघडलं तर पट्ट्याच्या जागी डांबरासारखा काळा, चिकट लेप होता. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून तो पुलीच्या खाचेतून पुसून काढायला अख्खी दुपार लागली. मग पट्ट्याच्या वाटेवरून दोरा फिरवून लांबी मोजली आणि त्याहून किंचित आखूड पट्टा आणला. चाकं फिरू लागली.

विकत घेण्याआधी आतलं काम कसं चालतं, हे ठाऊक असलेलं बरं. टेपचा वेग कॅसेटची चाकं ठरवत नाहीत. एक बारीक पोलादी दांडी आणि तिला चिकटून फिरणारं रबरी चाक, या दोघांच्या चिमटीतून फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने पुढे सरकते. पलीकडचं चाक ती फक्त गुंडाळून घेतं. ते मंदावलं की चिमटीतून आलेल्या फितीला जायला जागा उरत नाही आणि ती रबरी चाकालाच वेढे घालते. ‘कॅसेट खाल्ली’ म्हणतो ते हेच. म्हणून वॉकमन तपासताना नेहमी गेली तरी चालेल अशी कॅसेट न्यावी, सोबत आपले सेलही.

शहनाईची किंवा हार्मोनियमची लांबवलेली सुरावट लावून पाहावी. सूर डोलत असेल तर पट्टा किंवा रबरी चाक कडक झालं आहे. आवाज दबका येत असेल तर आधी फीत वाचणारं हेड पुसून पाहावं, अनेकदा तेवढ्यानेच तो मोकळा होतो. सेलच्या खणात हिरवट गंज असेल तर पत्र्या घासून निघतात. पण बटण दाबल्यावर कटकट आवाज आला, चाक थोडं फिरून घसरलं, तर दातेरी चाकाचे दात गेलेत असं समजावं आणि वॉकमन तिथेच ठेवून द्यावा. सोनीने पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी बाजारात आणला आणि २०१० साली जपानमधलं कॅसेटच्या वॉकमनचं उत्पादन थांबवलं. आता नवीन दातेरी चाक सहसा मिळत नाही, दुसऱ्या एखाद्या बंद वॉकमनमधूनच काढावं लागतं.

एवढा खटाटोप मी केला तो घरातल्या एका कॅसेटसाठी. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावी मामांनी धुऱ्यावर बसून आजीची रोवणीची गाणी टेप केली होती. वॉकमन नीट झाल्यावर ती लावली. पहिली बाजू स्वच्छ वाजली, पण दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे आजीचा आवाज बारीक आणि घाईचा होत गेला. दोष वॉकमनचा नव्हता. टेप करताना मामांच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरत होते, फीत हळू सरकत होती, म्हणून आता योग्य वेगात ती भरभर वाजते. हेडफोनच्या जागी वायर लावून ते सगळं संगणकात घेतलं आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्या भागाचा वेग कमी केला. आजी पुन्हा आपल्या आवाजात गायला लागली.

अशा कॅसेटी आपल्या भागात घरोघरी असतील. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा, त्यामुळे वीज नसलेल्या गावांतही त्याने आवाज टिपले. भाऊबीजेनंतरच्या मंडईतली, म्हणजे गावच्या जत्रेतली, रात्रभराची दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं, लग्नातली गाणी, गोंडी-माडियातल्या कथा. झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, वडशाहून निघणाऱ्या नाटकांची दखल दूरवर घेतली गेली. पण गावातल्या दंडारीत ज्यांनी एक रात्र सोंग घेतलं, त्यांचं नाव कुठल्या यादीत नाही. त्यांचा आवाज असलाच तर एखाद्या ट्रंकेतल्या कॅसेटमध्ये असेल, आणि ती वाजवायला चालतं यंत्र लागतं. बिघडलेला वॉकमन विकत घ्यावा तो यासाठी. शोभेला मांडून ठेवायचा असेल तर तुमची हौस. पण तो चालता केला तर एका घराचा आवाज वाचतो.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. यंदाच्या मंडईला गावी जाल तेव्हा ट्रंका उघडा. कॅसेट हाती लागली की आधी तिच्या मागच्या कडेवरच्या दोन बारीक प्लॅस्टिकच्या टिकल्या तोडा, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही टेप होणार नाही. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच वाजवू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटीला. ती वेगळी ठेवा, जाणकाराला दाखवा. कॅसेटवर नाव, गाव, साल लिहा, कारण तो आवाज कोणाचा हे सांगणारी माणसं आज आहेत. आणि तुमच्या गावात टेप दुरुस्त करणारा कारागीर अजून दुकान उघडत असेल, तर त्याच्याकडे याच महिन्यात जा.