निळ्या पाखराचं घर

गेल्या वसंतात आम्ही दोघं न्यू जर्सीला मुलीकडे होतो. तिच्या मागच्या अंगणात, घराला लागूनच, एक लाकडी पेटी टांगलेली. ‘ब्लूबर्डसाठी,’ नातवानं सांगितलं. पाठ निळीशार, छाती विटकरी, चिमणीहून थोडं मोठं असं हे पाखरू. ते झाडाच्या ढोलीत राहतं, पण ढोली स्वतः कोरू शकत नाही.

फजरनंतर आम्ही चहा घेऊन खिडकीशी बसायचो. मादीनं गवत आणलं, चार निळी अंडी घातली. आम्ही मात्र रोज अंगणात पावाचा चुरा टाकत होतो. चिमण्या जमल्या. आमच्याकडे चिमणी दिसेनाशी झालेली, म्हणून आम्हाला केवढं अप्रूप! आठवड्यानं पेटी उघडली, तर अंडी फुटलेली आणि वर चिमणीचं गवत.

‘नाना, चुऱ्यामुळेच आल्या ना त्या?’ नातवानं विचारलं. आम्हाला उत्तर सुचेना.

चिमणी मूळची तिथली नव्हे. १८५०च्या दशकात माणसांनीच ती युरोपातून न्यूयॉर्कला आणून सोडली. १८९०मध्ये युरोपातली साळुंकीच्या कुळातली स्टार्लिंगही आणली. दोघींनी ढोल्या बळकावल्या, ब्लूबर्ड कमी होत गेले. १९७८मध्ये लॉरेन्स झेलेनी यांनी नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी स्थापन केली. लोकांनी ठिकठिकाणी पेट्या लावल्या, तेव्हा हे पाखरू सावरलं.

मग आम्हीही चूक सुधारली. चुरा बंद. पेटी घरापासून दूर, मोकळ्या हिरवळीवर, पाच फूट उंच गुळगुळीत लोखंडी खांबावर बसवली. मांजर चढू नये म्हणून खाली पत्र्याचं नळकांडं लावलं. भोक दीड इंचाचं ठेवलं, त्यातून स्टार्लिंग शिरत नाही. चिमणी शिरते, म्हणून आठवड्यातून एकदा पेटी उघडून पाहायची आणि चिमणीचं गवत अंडी घालण्याआधीच काढायचं. भोकाखालची बसायची काडी काढून टाकली. ब्लूबर्डला ती लागत नाही.

चिमणीचं गवत काढताना हात जड झाला, हे खरं. पण अंडी फुटली ती आमच्या चुऱ्यापायी.

आम्ही परतल्यावर जूनमध्ये मुलीचा फोन आला: चार पिल्लं उडाली. आता आमच्या गॅलरीत चिमणीसाठी पेटी लावलीय. भोक सव्वा इंचाचं, आणि या वेळी आधी मोजून घेतलेलं.