रिठीची पांढर उसात पसरू नका



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय थोडा निराळा आहे, पण तोही आपल्या वावरातलाच आहे.

आपल्या नागपूर जिल्ह्यात पटवाऱ्याच्या दप्तरात कितीतरी गावांच्या नावापुढे 'रिठी' असे लिहिलेले असते. रिठी म्हणजे वस्ती उठून गेलेले गाव. पश्चिम महाराष्ट्रात अशा गावाला बेचिराख म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. माणसे गेली तरी गावाचा नकाशा, शीव आणि गट नंबर कायम आहेत. ऊस नोंदीच्या वेळी आमचे चिटबॉय दर हंगामात अशा गावांची नावे लिहितात. तिथे राहत कोण होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

शिवारात रिठी ओळखणे कठीण नाही. चहूकडे काळी जमीन आणि मधेच राखाडी-पांढरट मातीचा उंचवटा दिसतो. आपल्या वाडवडिलांनी जमिनीचे दोनच भाग मानले होते. पिकते ती काळी आणि वस्ती असते ती पांढरी. मातीच्या भिंती पडतात, त्यावर नवे घर उभे राहते, चुलीची राख, शेण, हाडे तिथेच मुरतात. शेकडो वर्षे असे चालले म्हणजे पांढर तयार होते. नांगर फिरला की खापरे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, फुटक्या जात्याची तळी वर येते. जवळपास बुजलेली विहीर, दोन-चार जुन्या चिंचा आणि वस्ती नसताना एकटाच उभा असलेला मारुती नाहीतर माता माय असते.

आता आमचीच एक चूक सांगतो. वीस वर्षांपूर्वी पदविका घेऊन आम्ही नोकरीला नवे लागलो होतो. एका कास्तकाराने आम्हांला असाच उंचवटा दाखवला. "साहेब, हे रिठीची माती हाये जी. खतापेक्षा भारी. टाकू का उसात?" आम्ही माती हातात घेतली आणि बेलाशक 'टाका' म्हणालो. आठ दिवसांत ट्रॉल्या लागल्या. चौथ्या दिवशी दगडी पायाची ओळ, एक चूल आणि मातीचे मोठे रांजण निघाले. रांजण फावड्याने फुटले. दगड धुऱ्यावर गेले. आम्ही तिथेच उभे होतो, पण थांबा म्हणायचे आम्हांला सुचले नाही. पुढे त्या वावराच्या एका पट्ट्यात ऊस केवड्याने पिवळा पडला, कारण त्या मातीत चुना फार होता. म्हणजे गावही गेले आणि पीकही साधले नाही.

पांढरीत स्फुरद असते, ही गोष्ट खरी आहे. स्वीडनमध्ये ओलोफ अर्हेनियस नावाचे शास्त्रज्ञ साखर कंपनीसाठी बीटाच्या जमिनी तपासत होते. काही ठिकाणी स्फुरद इतरांपेक्षा फार जास्त निघे. ती ठिकाणे जुन्या वस्तीची होती, हे त्यांनी १९३० च्या सुमारास दाखवून दिले. तेव्हापासून जुनी गावे शोधण्यासाठी माती तपासण्याची पद्धत पडली. म्हणजे साखरधंद्यानेच हे ज्ञान दिले आहे! पण स्फुरद प्रेसमडमधून मिळते, सुपर फॉस्फेटमधून मिळते. पाचट जाळले नाही आणि ताग किंवा धैंचा गाडला तर जमिनीचा कसही सुधारतो. गाडलेले गाव मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

कोणी म्हणेल, खापरांत एवढे काय आहे? कुही तालुक्यातील अडम येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८८ ते १९९२ या काळात उत्खनन केले, तेव्हा तटबंदीचे प्राचीन नगर उजेडात आले. रामटेकजवळ नगरधनला २०१५ ते २०१८ मध्ये खोदकाम झाले आणि वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. ही झाली नगरांची आणि राजधान्यांची गोष्ट. रामटेकच्या देवळात यादवांचा शिलालेख आहे, म्हणून रामचंद्र यादवाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच्या काळात ज्याने नांगर धरला, त्याचे नाव कोणत्या दगडावर कोरले आहे? त्याचा पुरावा म्हणजे ही चूल, हे जाते आणि ही राख. कोणता थर वर आणि कोणता खाली, यावरून जाणकार सांगतात की गाव जळले, की दुष्काळात हळूहळू रिकामे झाले. ट्रॉलीत भरलेल्या मातीवरून हे कोणालाच सांगता येणार नाही.

इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचे असेच एक उजाड गाव आहे. तिथे १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे अभ्यासकांनी काम केले. राजवाडा नव्हे, साध्या कास्तकारांचे गाव! त्यांच्या कुणब्याला जो मान मिळाला, तो आपल्या कुणब्याला का मिळू नये?

ज्याच्याजवळ दोनच एकर आहे, त्याला दहा गुंठे पडीक ठेवा म्हणणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. आम्ही तसे म्हणतही नाही. आमचे मागणे एवढेच आहे. रिठीची पांढर उकरून विकू नका, उसात टाकू नका. लेव्हलिंग करताना उंचवटा वगळा, त्यावर बैलांचा मांडव घाला किंवा गवत राखा. काही निघाले तर ते उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. जमिनीत पुरलेले दहा रुपयांवर किमतीचे काही सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. भिऊन लपवू नका. खापर सापडले म्हणून सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही.

आमच्या शेतकी विभागानेही ऊस नोंदीच्या वहीत 'रिठीची पांढर आहे/नाही' असा एक रकाना वाढवावा, अशी सूचना आम्ही मांडत आहोत. चिटबॉय वावरात जातोच, त्याला वेगळा खर्च नाही.

गोसीखुर्द धरणात ज्यांची गावे गेली, त्यांना विचारा. गाव सुटल्यावर माणूस काय शोधतो, ते त्यांना कळते. रिठीतली माणसेही अशीच कधीतरी निघून गेली होती. त्यांची काळी आपण कसतो आहोत. निदान त्यांची पांढर तरी राखू या.

आपला,
ऊस विकास अधिकारी